एसएसडी घेताय? आधी लॅपटॉपचा स्लॉट तपासा
लॅपटॉप रखडतो म्हणून लगेच नवा घेऊ नका. आत जुनी, फिरणारी हार्ड डिस्क असेल तर बहुतेक वेळा दुखणं तिथंच असतं. ती सेकंदाला जेमतेम 100-150 एमबी वाचते. साधी साटा एसएसडी 550च्या आसपास जाते. जुन्या मशीनला एवढं पुरतं, असं माझं स्पष्ट मत. दुकानात मात्र 7,000 एमबीवाली जेन 4 एनव्हीएमई पुढे केली जाते. स्लॉट जेन 3 असेल तर तिचा वेग निम्म्यावर येतो. एम.2 स्लॉट फक्त साटाचा असेल तर ती चालतच नाही, मापात बसली तरी! वाचलेले पैसे रॅमवर घाला; 4 जीबी असेल तर नक्कीच. आणि डिस्क बदलण्याआधी बॅकअप घ्या, दुकानदार 'काही होत नाही' म्हणाला तरी.