पाटी आपली, वही परक्याची

दुकान थाटताना मागची पिढी आधी जागा पाहत असे. देवळाची वाट, बाजाराचा चौक किंवा एस.टी.चा थांबा यांपैकी काहीतरी जवळ असावे आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेस पाटी पडावी, हा त्या व्यापारशास्त्राचा पहिला सिद्धान्त होता. तो आजही खोटा ठरलेला नाही. बदलला आहे तो रस्ता. नळ दुरुस्त करणारा हवा असो की चष्म्याचे दुकान, मनुष्य आता घराबाहेर पडण्यापूर्वी खिशातील फोनला विचारतो. फोन दोन-तीन नावे पुढे करतो आणि बहुतेकांचा शोध तेथेच संपतो. ज्याचे नाव त्या दोन-तिनांत नाही, त्याचे दुकान भर चौकात असूनही आडगल्लीत गेल्यासारखे होते. ही नावे कोण निवडतो आणि कशाच्या आधारावर, हा प्रश्न म्हणूनच केवळ व्यापाऱ्यांचा राहिलेला नाही.

नावांची वही ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील न्यू हेवन येथे १८७८ साली पहिली टेलिफोन सूची निघाली; ती एका पानाची होती आणि तीत जेमतेम पन्नास नोंदी होत्या. पुढे व्यवसायवार पिवळी पाने आली. त्या सूचीत क्रम वर्णमालेचा असे, त्यामुळे लबाडी करायची झाली तरी दुकानाचे नाव पहिल्या अक्षराने सुरू करण्यापलीकडे मजल जात नसे. आपल्याकडे १९९६ साली मुंबईत ‘जस्टडायल’ने हीच वही टेलिफोनवरून वाचून दाखवण्यास प्रारंभ केला, २०२१ साली ती कंपनी रिलायन्सच्या किरकोळ व्यापार समूहाच्या ताब्यात गेली. गूगलने दुकानदारांसाठी २०१४ साली उघडलेले खाते २०२१ पासून ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ या नावाने ओळखले जाते. वही अशी मोजक्या हातांत एकवटली आणि तिच्यातील वर्णमालेचा निःपक्षपाती क्रम संपुष्टात आला.

नवा क्रम गूगलच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे तीन गोष्टींवर ठरतो : विचारलेल्या वस्तूशी दुकानाचा संबंध किती, ते विचारणाऱ्यापासून किती दूर आणि त्याची ख्याती केवढी. पहिल्या दोन गोष्टी समजण्याजोग्या आहेत. ख्याती मात्र यंत्राला कशी कळावी? ती कळते अन्यत्रच्या उल्लेखांवरून : वृत्तपत्रांतील मजकूर, अन्य संकेतस्थळांवरील दुवे, ग्राहकांचे अभिप्राय आणि निरनिराळ्या सूचींमधील नोंदी यांवरून. या नोंदींचे काम न्यायालयातील साक्षीदारासारखे आहे. चार साक्षीदार एकच नाव, एकच पत्ता आणि एकच दूरध्वनी सांगू लागले की विश्वास बसतो. त्यांच्या जबान्या फुटल्या की संशय येतो.

आपल्या दुकानदाराचे घोडे नेमके येथेच पेंड खाते. समजा, सांगलीत मोटार रिवाइंडिंगचे एक ‘लक्ष्मी’ नावाचे दुकान आहे. ‘लक्ष्मी’ हा शब्द रोमन लिपीत एका सूचीत एका प्रकारे लिहिलेला असतो, दुसरीत दुसऱ्या. एकीकडे कधीच बंद झालेला लँडलाइन क्रमांक, दुसरीकडे मुलाचा मोबाइल. एकीकडे जुन्या जागेचा पत्ता, दुसरीकडे नुसतेच ‘मारुतीच्या देवळामागे’. त्यात शहरांचीच नावे बदलली. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर झाले; परंतु असंख्य नोंदी जुन्या नावाखालीच राहिल्या. पत्त्याच्या या गोंधळावरील एक उपाय मराठी माणसानेच देशाला दिला होता. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. सहा आकडी शिस्तीचे मोल त्या वेळी टपालखात्याने ओळखले. आज ते प्रत्येक दुकानदाराने ओळखावयास हवे.

उपाय खर्चिक नाही. नाव, पत्ता आणि दूरध्वनी एकाच रीतीने कागदावर लिहून काढावा. गूगलवरील स्वतःची नोंद ताब्यात घेऊन पडताळून घ्यावी. मग मोजक्या, खरोखर वापरात असलेल्या सूचींमधील नोंदी त्या कागदाबरहुकूम दुरुस्त कराव्यात. वेळा, सुटीचे दिवस आणि छायाचित्रे खरी द्यावीत. याउलट ‘शंभर सूचींत नाव घालतो, पहिला क्रमांक मिळवून देतो’ असे सांगत फिरणाऱ्यांना दारातूनच परत पाठवावे. स्थानिक शोधातील वरचा क्रम पैसे देऊन मिळत नाही, असे गूगल स्वतःच सांगते. ज्या सूचींत पैसे भरणाऱ्यांची नावे वर येतात, तेथे ती जाहिरात समजूनच खर्चाचा हिशेब करावा. नावात ‘सर्वोत्तम’, ‘स्वस्त’ अशी शेपटे जोडणे नियमबाह्य असून त्यापायी नोंद स्थगित होऊ शकते. विकतच्या अभिप्रायांविषयी तर बोलावयासच नको. भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी २०२२ साली मानक ठरवले. परंतु ते ऐच्छिक ठेवल्यामुळे त्याची जरब बसलेली नाही.

दुकानदाराने इतके सारे केले, तरी मूळ प्रश्न शिल्लक राहतोच. ही वही त्याची नव्हे. त्याने न मागताही तीत त्याची नोंद होऊ शकते, कोणीही तिऱ्हाईत तीत बदल सुचवू शकतो आणि नोंद स्थगित झाली तर दाद मागावयाची ती वहीच्या मालकाकडेच. शोधाच्या निकालांत स्वतःच्या सेवेला झुकते माप दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. ते प्रकरण मोठ्या व्यवसायांचे होते. सांगलीच्या कारागिराने आयोगाचे दार कोणत्या बळावर ठोठवावे?

सरकारने येथे काही करावे, असे म्हणताच ‘आणखी एक खाते’ म्हणून कपाळाला आठ्या पडतील. परंतु नव्या खात्याची गरजच नाही. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार लहान दुकानदारसुद्धा आपले नाव, पत्ता आणि व्यवसाय शासनाला कळवतो. त्याच्या संमतीने हीच माहिती मराठीत आणि रोमन लिपीत, पिनकोडसह खुली केली, तर कोणत्याही सूचीला ताडून पाहण्यास एक अधिकृत साक्षीदार मिळेल. संमतीची अट महत्त्वाची आहे. घरच्या घरी डबे करून देणाऱ्या गृहिणीला घराचा पत्ता जगजाहीर करावयाचा नसेल, तर तो तिचा हक्कच आहे. दुकानावरील पाटी मराठीत असावी म्हणून राज्याने २०२२ साली कायदा दुरुस्त केला आणि लहान दुकानांनाही तो लागू केला. ग्राहक जी पाटी आधी पाहतो, तिच्याविषयी मात्र आपण उदासीन आहोत.

तोपर्यंत करण्याजोगे एक काम विद्यार्थ्यांच्या हातचे आहे. वाणिज्य महाविद्यालयाच्या एका वर्गाने आपल्या गावाची एक पेठ निवडावी आणि तेथील दुकानदारांच्या परवानगीने, त्यांच्याशेजारी बसून, नोंदी दुरुस्त कराव्यात. खात्याचा परवलीचा शब्द दुकानदाराकडेच राहील, एवढे पथ्य पाळावे. हिशेबाचे पाठ फळ्यावर गिरवण्याइतकेच हेही शिक्षण आहे. वही परक्याची असली, तरी तीत आपला पत्ता बरोबर लिहिलेला आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी आपलीच आहे.