शांघायमधील भाड्याचे घर

शांघायमध्ये अध्यापनासाठी जाणाऱ्या आपल्या माणसापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो परवडणाऱ्या घराचा. तेथे बहुधा एक महिन्याची अनामत व तीन महिन्यांचे भाडे आगाऊ मागतात. म्हणजे पहिला पगार हाती येण्यापूर्वीच चार महिन्यांची रक्कम मोजावी लागते. भुयारी रेल्वेच्या शेवटच्या स्थानकांकडे भाडे उतरते, हे खरे. परंतु २०१३ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार हॉटेलबाहेर राहणाऱ्या परदेशी व्यक्तीची २४ तासांत पोलिसांकडे नोंद होणे बंधनकारक आहे. कागदपत्रे देण्यास कचरणाऱ्या मालकाचे स्वस्त घर म्हणूनच अखेर महाग पडते. नियमाला माझा आक्षेप नाही. मात्र शिक्षकाला बोलावणाऱ्या संस्थेनेच निवासाची जबाबदारी करारात लिहून द्यावी. नियमपालनाचा सारा भार नवख्यावर टाकणे, हे सुप्रशासन नव्हे.