जयंतीचा हार आणि गुरूचे ऋण

गेल्या काही वर्षांत संगीतक्षेत्रातील शताब्द्यांचा जणू मेळाच भरला. २०१९ साली सुधीर फडके आणि ग. दि. माडगूळकर यांची जन्मशताब्दी झाली, २०२२ साली पं. भीमसेन जोशी यांची, तर २०२४ साली पं. कुमार गंधर्व यांची. सभागृहे भरली, स्मरणिका निघाल्या, ज्येष्ठ कलावंतांना शाल-श्रीफळ अर्पण झाले. हे सारे उचितच होते. जो समाज आपल्या कलावंतांना विसरतो, तो हळूहळू स्वतःलाही विसरतो. तथापि समारंभ आटोपून सतरंज्या गुंडाळल्यावर नेमके काय उरले, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. २०२६ हे वर्ष तो प्रश्न नव्याने समोर ठेवणारे आहे. ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली, त्या घटनेचे हे सव्वाशेवे वर्ष.

१८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे एका कीर्तनकाराच्या घरी विष्णु दिगंबरांचा जन्म झाला. बालपणीच दत्तजयंतीच्या उत्सवात फटाक्याच्या अपघाताने त्यांची दृष्टी अधू झाली. पुढे मिरजेस राजाश्रय लाभला आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारखा गुरू मिळाला. ज्या समारंभांचे निमंत्रण संस्थानचे आश्रित म्हणून आपल्याला येते, तेथे आपल्या गुरूंना कोणी बोलावत नाही, कारण ते ‘गवई’ आहेत, हे या तरुण शिष्याच्या ध्यानी आले आणि ते शल्य त्याच्या मनात खोल रुतले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. पोटाचा प्रश्न तेथे नव्हता. प्रश्न गुरूच्या, पर्यायाने विद्येच्या, प्रतिष्ठेचा होता.

बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा प्रवास करीत ते पंजाबात पोहोचले. कोणा संस्थानिकाच्या कृपेवर विसंबून न राहता, लोकवर्गणी आणि जाहीर जलशांचे उत्पन्न यांवर त्यांनी संगीताची शाळा उभी केली. अभ्यासक्रम, स्वरलेखन, क्रमिक पुस्तके, परीक्षा अशी शिस्त आणली. सभ्य घरातील मुलामुलींनी गाणे शिकावे, ही आज सहज वाटणारी गोष्ट त्या काळी धाडसाची होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वर्षानुवर्षे आपल्याजवळ ठेवून, त्यांच्या अन्नवस्त्राचा भार स्वतः वाहून त्यांनी संगीतप्रचारकांची एक पिढीच घडविली. १९०८ साली मुंबईत विद्यालय सुरू झाले. पुढे कर्जापायी तेथील वास्तूचा लिलाव झाला. लाहोर तर १९४७ च्या फाळणीत देशाबाहेरच गेले. वास्तू गेल्या, घडविलेली माणसे मात्र उरली. पं. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर, साबरमती आश्रमात संगीत नेणारे नारायण मोरेश्वर खरे ही त्यांतील काही नावे. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत पंडितजींनी देह ठेवला आणि त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. संघटनेचे काम करणाऱ्या प्रत्येकाने मनन करावे, असा हा वस्तुपाठ आहे.

या प्रतिष्ठेचे मोल काय, ते १९२३ साली काकिनाड्यात दिसले. काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी ‘वंदे मातरम्’च्या गायनास आक्षेप घेतला, तेव्हा पंडितजींनी न डगमगता ते गीत पूर्ण गायिले. १९३७ साली काँग्रेस कार्यकारिणीने त्या गीताला पहिल्या दोन कडव्यांपुरते मर्यादित केले, हा इतिहास सर्वश्रुत आहे. परंतु काकिनाड्याच्या त्या व्यासपीठावर जो निर्भय स्वर उमटला, तो मिंधेपणातून मुक्त झालेल्या कलावंताचा होता. दरबारी आश्रितास असा ठामपणा क्वचितच परवडला असता.

आता थोडे आत्मपरीक्षण. गवयाला समाजात मान मिळाला, हे खरे. पण गाणे शिकविणाऱ्याला? अनेक शाळांत संगीताचा तास वेळापत्रकात असतो, शिक्षक नसतो. आणि परीक्षा जवळ आली की पहिला बळी त्याच तासाचा जातो. शास्त्रीय संगीताच्या परीक्षांना दहावीत वाढीव गुण मिळू लागले. हेतू चांगला, मात्र गुण पदरात पडताच तंबोऱ्यावर खोळ चढते आणि ती पुन्हा निघत नाही, हा अनुभव किती घरांचा आहे! विद्येला प्रतिष्ठा मिळावी म्हणून ज्या परीक्षा सुरू झाल्या, त्यांचे रूपांतर केवळ गुणांच्या शिडीत व्हावे, यात दोष परीक्षांचा नाही. दोष आपल्या अपेक्षांचा आहे. गाण्याच्या बाईंची फी आपल्याला जड वाटते, शिकवणीवर्गाची वाटत नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य करावयास हवे.

सव्वाशेव्या वर्षाचे निमित्त साधून मोठे समारंभ अवश्य व्हावेत. पण प्रत्येक घराने आणि प्रत्येक शाखेने काही लहान संकल्पही करावेत. आपल्या वस्तीतील संगीतशिक्षकाच्या घरी आवर्जून जावे. जवळच्या शाळेत संगीताचा शिक्षक नेमला जावा, यासाठी पालकांनी संस्थाचालकांकडे आग्रह धरावा. दहावीनंतरही मुलामुलींचा रियाज सुरू राहील, अशी घडी घरात बसवावी. आणि ‘वंदे मातरम्’ संपूर्ण, शुद्ध स्वरात व अर्थ जाणून म्हणता येणारी मुले प्रत्येक वस्तीत तयार करावीत.

गुरूला निमंत्रण नाही, या एका शल्यातून विष्णु दिगंबरांनी एवढे कार्य उभे केले. तसबिरीला हार घालताना, आपल्या गल्लीतल्या गुरूला आपण निमंत्रण धाडले आहे ना, एवढे तरी आपण पाहावे. पंडितजींचे ऋण फेडण्याचा प्रारंभ तेथूनच होईल.