आधी वायर बघा

जुलै संपत आला की पीकविम्यासाठी केंद्रांपुढे रांगा लागतात. बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यातल्या अशाच एका रांगेत मी दीड तास उभा होतो. ‘लिंक नाही’ एवढंच उत्तर मिळत होतं. चिखलीहून एक माणूस आला, खाली वाकला आणि त्यानं राउटरची केबल हातात घेतली. टोकाच्या पिनेची खिट्टी तुटली होती. त्यानं टोक कापलं, आठ तारा लावल्या, पक्कड दाबली आणि रांग हलली. पाच मिनिटांचं काम होतं. त्यापायी सगळ्या रांगेचा दिवस बुडाला, तोही ऐन निंदणाच्या दिवसांत.

त्या आठ तारांच्या रंगांचा क्रम गावागावातल्या दोघाचौघांना तरी यावा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याची जोडी फोडून मध्ये निळी का, हे विचारणारं पोरगं खरं शिकलं. जोड्या सरळ एकापुढे एक लावल्या तरी साध्या टेस्टरवर आठही दिवे लागतात. पण तिसरी आणि सहावी पिन मग वेगवेगळ्या पिळातल्या तारांवर जाते, एका जोडीचा संदेश दुसरीत मिसळतो आणि लांब केबलीवर नेट रखडतं. दिवे लागले म्हणून काम झालं, असं समजणारा कारागीर इथं फसतो.

एमएस-सीआयटीच्या संगणक वर्गांनी खेड्यापाड्यातल्या लाखो हातांना माऊस धरायला शिकवलं. ते मोठं काम झालं. संगणकाचा डबा उघडायला शिकवणं मात्र राहून गेलं. आयटीआयच्या ट्रेडमध्ये हार्डवेअर आणि नेटवर्क दुरुस्तीचा वर्षभराचा अभ्यासक्रम आहे, पण पालकांच्या तोंडी नाव येतं ते ‘कोपा’चं, म्हणजे संगणक चालवण्याच्या ट्रेडचंच. स्क्रू-ड्रायव्हरचं काम हलकं, कीबोर्डचं भारी, ही समजूत आपल्या पोरांचं नुकसान करते आहे.

खामगाव-मलकापूरकडच्या जिनिंगमधला पीसी उघडून बघा. पंख्यावर कापसाच्या तंतूंची गादी बसलेली असते. घाटाखालच्या मे महिन्यात असं मशीन तापतं आणि दहा मिनिटांत आपोआप बंद पडतं. दुकानात नेलं की पहिला सल्ला येतो, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ हिशेबाच्या फायली जातात, धूळ तशीच राहते आणि आठवड्यानं मशीन पुन्हा बंद. ब्लोअर मारून, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली असती तर भागलं असतं. तसाच मदरबोर्डवरचा रुपयाच्या नाण्याएवढा 3 व्होल्टचा सेल. तो संपला की वीज बंद करून चालू केलेल्या पीसीची तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची तारीख जुळत नाही, ब्राउझर ते उघडू देत नाही, आणि ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून म्हातारी माणसं परत पाठवली जातात.

नेटचंही तेच. आधी राउटरला पिंग करावं, मग बाहेर. राउटर उत्तर देतो आणि बाहेरून काही येत नाही, तर सहसा पीसीला हात लावायचं कारण नाही. पीसीचा पत्ता 169.254 नं सुरू होत असेल, तर त्याला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. केबलपासून सुरुवात करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा या विद्येचा गाभा. चार भाग एकदम बदलणाऱ्याला दोष कुठं होता ते कधीच कळत नाही, आणि पैसे मात्र चारही भागांचे द्यावे लागतात.

हे फळ्यावर शिकता येत नाही. त्याला मोडकी मशीनं लागतात, आणि ती आपल्याकडे भरपूर आहेत. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला, त्यामुळे कितीतरी कार्यालयांतले चालते पीसी आता भंगाराच्या वाटेवर आहेत. पतसंस्थांचं जाळं असलेला हा जिल्हा आहे. घाटावरच्या आणि घाटाखालच्या शाळांनी, पतसंस्थांनी हे डबे किलोवर विकू नयेत. हार्ड डिस्क काढून घ्यावी आणि उरलेलं मशीन जवळच्या आयटीआयच्या टेबलावर ठेवावं, झाकण उघडून.