काच कोणालाच नको

माझ्या दुकानाच्या पोटमाळ्यावर अकरा टीव्ही आणि सहा मॉनिटर पडून होते. वाडा पुनर्विकासाला गेला आहे. बिल्डरचा माणूस तीनदा येऊन गेला, "काका, महिनाअखेर गाळा रिकामा पाहिजे" म्हणाला. कपाटं, टेबल, मीटर, सोल्डरिंगचं सामान दोन दिवसांत हललं. टीव्ही हलवायला पाच आठवडे लागले, आणि अजून सगळे गेलेले नाहीत.

नारायण पेठेत, पत्र्या मारुतीपासून दोन बोळ आत, मी छत्तीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले. १९८४ साली औंधच्या आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा कोर्स केला आणि पुढच्या वर्षी दुकान टाकलं. तेव्हा टीव्ही बंद पडला की घरात सुतक असल्यासारखी शांतता असायची. रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं त्या काळात शनिवारी रात्री अकरापर्यंत माझ्या दारात माणसं उभी असायची. पोटमाळ्यावर राहिलेले हे सेट त्यानंतरच्या काळातले. प्रत्येकाच्या मागे दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली : 'आवाज आहे, चित्र नाही.' 'वरून अर्धी पट्टी काळी.' 'ठोकल्यावर चालतो.' मालक 'उद्या येतो' म्हणून गेले आणि आले नाहीत. सगळ्यात जास्त माणसं फिरकली नाहीत ती २०१३ मध्ये. ३१ मार्चपर्यंत पुण्यात सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. खर्च करायचाच आहे तर सपाट टीव्हीच आणू, असा हिशेब पेठेतल्या घराघरांत झाला आणि जुना सेट माझ्याकडे कायमचा राहिला.

पहिल्यांदा भंगारवाल्याला बोलावलं. बोळाच्या तोंडाशी टेम्पो लावून तो वर आला, एकेक सेट मागून वाकून बघितला आणि म्हणाला, "सगळ्याचे मिळून दीड हजार देतो. पण ट्यूब काढून द्या." मी म्हटलं, ट्यूब काढल्यावर टीव्हीत राहतं काय? "तेच तर पाहिजे, काका."

त्याचं गणित चुकीचं नव्हतं. ट्यूबच्या मानेवरच्या योकमध्ये तांबं, डीगॉस कॉइलमध्ये तांबं, सर्किटच्या किटवर थोडं ॲल्युमिनियम, स्पीकरचा चुंबक, कॅबिनेटचं प्लास्टिक, एवढ्याला भाव आहे. पण जुन्या टीव्हीचं निम्म्याहून जास्त वजन काचेचं असतं आणि त्या काचेला आज कोणी विचारत नाही. फुकट दिली तरी नको असते.

पिक्चर ट्यूबची काच म्हणजे सरबताच्या बाटलीची काच नव्हे. पुढचा पडदा जाड, त्यात बेरियम-स्ट्रॉन्शियम. मागचा नरसाळ्यासारखा भाग असतो त्यात शिसं, वजनाच्या साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतका शिशाचा ऑक्साइड. एका ट्यूबमध्ये किलो-दोन किलो शिसं सहज निघतं. ते हौसेने घातलेलं नाही. आत पंचवीस हजार व्होल्टचा दाब असतो, इलेक्ट्रॉन पडद्यावर आदळले की क्ष-किरण निघतात, ते घरातल्या माणसांपर्यंत पोचू नयेत म्हणून हे शिसं. समोर मांडी घालून बसलेल्या पोरांना ज्याने वीस वर्षं सांभाळलं, त्याचंच आता करायचं काय, हा प्रश्न.

घाबरवण्यासाठी लिहीत नाही. अख्खी ट्यूब माळ्यावर दहा वर्षं राहिली तरी कोणाला काही होत नाही, शिसं काचेत घट्ट बसलेलं असतं. भानगड फुटल्यावर सुरू होते. बारीक चुरा हाताला लागतो, हात तोंडाकडे जातो. कुजत्या कचऱ्याचं आंबट पाणी चुऱ्यातलं शिसं हळूहळू ओढून घेतं. शिवाय पडद्याच्या आतल्या बाजूला पावडरीचा थर असतो, तो फुंकरीसरशी उडतो.

नीट करायची रीत आहे. पडदा आणि नरसाळं यांच्या सांध्यावर तापलेली तार लावून दोन्ही काचा वेगळ्या करायच्या, मास्क घालून पावडर मशीनने शोषून घ्यायची, काचा वेगवेगळ्या ठेवायच्या. आणि बोळातली रीत मला चांगली ठाऊक आहे, कारण ती मीही केली आहे. ट्यूबच्या नेकवर, म्हणजे मागच्या मानेवर, हातोडीची एक टिचकी, आतल्या पोकळीत हवा शिरल्याचा फुस्स आवाज, योक ओढून काढायचं आणि ट्यूब रात्री कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत. पुण्याचा कचरा तेव्हा उरुळी देवाची-फुरसुंगीला जायचा. पेठेतल्या ट्यूबाही तिकडेच गेल्या. माझ्या हातच्या किती असतील ते मोजायला बसलो नाही.

पूर्वी ट्यूब टाकून द्यायची गरजही कमी पडायची. ट्यूब मंद झाली की नेक कापून नवी इलेक्ट्रॉन गन बसवणारे कारखाने होते, 'री-गन'ची ट्यूब अर्ध्या किमतीत मिळायची. पुढे ऑफिसांतून मॉनिटर निघू लागले, तेव्हा मॉनिटरच्या ट्यूबला चायना किट लावून स्वस्तातला टीव्ही तयार व्हायचा. तपकीर गल्लीत कॅबिनेट मिळायचं, जे नाही मिळालं ते मुंबईला लॅमिंग्टन रोडवर. असे शंभरेक सेट मीही जोडून विकले. त्याला पुनर्वापर म्हणतात हे मला फार उशिरा कळलं, आम्ही त्याला धंदा म्हणत होतो.

आणि ट्यूब अगदीच मेली तरी तिच्या काचेतून नवी ट्यूब व्हायची. यात महाराष्ट्रातल्या एका कंपनीचा मोठा वाटा होता. व्हिडिओकॉनचे टीव्ही तेव्हाच्या औरंगाबादजवळ चितेगावला बनत आणि काच गुजरातेत भरूचला. जगात बाकीच्यांनी ट्यूबच्या काचेच्या भट्ट्या विझवल्या, तेव्हा ही भट्टी चालू होती. अमेरिकेतले भंगार-कारखानेसुद्धा तिकडची काच जहाजाने भरूचला पाठवत. २०१५ च्या सुमारास तीही थंडावली आणि २०१८ मध्ये कंपनीच दिवाळखोरीच्या कोर्टात उभी राहिली. ट्यूब बनायची थांबली तशी ट्यूबच्या काचेला वालीच उरला नाही. अमेरिकेतल्या ओहायोमध्ये, कोलंबस शहरात, एका कंपनीने 'रिसायकल करतो' म्हणून पैसे घेतले, हजारो टन काच गोदामांत भरली आणि ती तशीच टाकून गाशा गुंडाळला. त्यामुळे 'आपल्याकडेच असं' म्हणून कपाळाला हात लावायचं कारण नाही. कपाळाला हात लावायचं कारण वेगळं आहे.

माझ्या भाच्याने ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम छापून आणून दिले. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेत. कल्पना चांगली आहे : कंपनीने जितका माल विकला त्या प्रमाणात पुढे तेवढा जुना माल रिसायकल झाल्याची प्रमाणपत्रं तिने नोंदणीकृत रिसायकलरकडून विकत घ्यायची. म्हणजे रिसायकलरला दोन पैसे सुटतात. पण प्रमाणपत्र मिळतं कशाचं? सोनं, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड, या चार धातूंचं. पुन्हा पुन्हा वाचलं. शिसं नाही, काच नाही. म्हणजे भंगारवाला बोळाच्या तोंडाशी जे म्हणाला, तेच सरकारने राजपत्रात छापलं : ट्यूब काढून द्या.

मी पुण्याच्या आसपासच्या तीन नोंदणीकृत रिसायकलरना फोन केले. एकाने विचारलं, "सीपीयू आहेत का? लॅपटॉप?" नाहीत म्हटल्यावर 'कळवतो' म्हणाला. दुसऱ्याला किमान दोन टन माल हवा होता. तिसरा सरळ बोलला : "काका, तुमच्या ट्यूबची काच मला नियमाप्रमाणे रांजणगावला घातक कचऱ्याच्या जागेत पाठवावी लागते, तिचे पैसे मी भरतो. तुम्ही देणार का?" मला त्याचा राग आला नाही. जो नियम पाळतो त्याच्या खिशाला भोक आणि जो ट्यूब नदीकाठी फोडतो त्याचा नफा, असा धंदा असेल तर नियम पाळणारे राहतील किती?

प्रमाणपत्राचा दर काय असावा, यावरून सध्या मोठं भांडण आहे. सरकारने २०२४ मध्ये घरगुती इलेक्ट्रॉनिक्ससाठी किलोमागे किमान २२ रुपये ठरवले, तेव्हा काही बड्या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. भांडोत बापडे. पण माझ्या माळ्यावरच्या सेटसाठी भांडायला तरी कोण आहे? क्राउन, डायनोरा, टेक्सला ही नावं आजच्या पोरांनी ऐकलेलीसुद्धा नाहीत. आणि तपकीर गल्लीतून सामान आणून मी जोडलेले दोन सेट त्यात निघाले. कायद्याच्या भाषेत त्यांचा 'उत्पादक' मीच. माझ्या नावावर किती किलोचं उद्दिष्ट येतं, ते सांगायला अजून कोणी आलेलं नाही.

माझं मागणं मोठं नाही. ट्यूबची काच नीट वेगळी करून योग्य जागी पोचवली तर तिलाही किलोमागे प्रमाणपत्र द्या. तांब्याला बक्षीस देऊन उपयोग काय, ते न सांगताच गोळा होतं. दुसरं महापालिकेकडे. पंधरा क्षेत्रीय कार्यालयं आहेत, महिन्यातला एक ठरलेला वार धरून तिथे अख्खे सेट घ्या आणि नागरिकांकडून सेटमागे शंभर-दोनशे रुपये घ्या. टाकायचे पैसे, तेही पुण्यात? हसणार लोक, माहीत आहे मला. पण याच शहरात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई दारावर येतात आणि घरटी महिन्याचे पैसे आपण देतोच की. सुरुवातीला त्यावरही कुरकुर झाली होती.

शेवटी सुटका त्यांच्याचकडून झाली. आमच्या बोळात येणाऱ्या ताईंनी सांगितलं की मोठं सामान आणि टीव्ही त्यांची माणसं वेगळी गाडी आणून नेतात, "फक्त फोडू नका." सात टीव्ही तसे गेले. मॉनिटर पूर्णम इकोव्हिजन या संस्थेच्या ई-कचरा संकलनाच्या दिवशी रिक्षाने तीन खेपा करून पोचवले. रिक्षावाल्याने भाडं जास्त घेतलं, पण उचलायला हात लावला, म्हणून बोललो नाही.

सपाट टीव्हीवाल्यांनी लांबून मजा बघू नये. सुरुवातीच्या एलसीडींमध्ये पडद्यामागे बारीक नळ्या आहेत, त्यांत पारा असतो. पडदा गेला की दुरुस्ती परवडत नाही, पाच-सात वर्षांत सेट बाहेर. काढताना नळी मोडली की पारा हवेत. 'एक्स्चेंज ऑफर'मध्ये शोरूमवाल्याला दिलेला जुना सेट पुढे कुठे गेला, हे विचारल्याचं मी एकाही गिऱ्हाइकाकडून ऐकलेलं नाही.

राहिलेले चार सेट खाली जिन्याशी आणून ठेवलेत. त्यातला एक 'ठोकल्यावर चालतो'वाला ओनिडा, एकवीस इंची. उघडून पाहिलं तर ईएचटीच्या, म्हणजे हाय व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरच्या, पायाशी ड्राय सोल्डर. दहा मिनिटांचं काम, तेवढं करून टाकलं. चित्र स्वच्छ आहे, रंग अजून पक्के. मालकाला कळवावं म्हणून चिठ्ठी सोडवली. भिकारदास मारुतीजवळचा पत्ता आहे आणि खाली फोन नंबर, सहा आकडी.