विश्लेषण : ‘ऑन-रोड’ किमतीत सरकारचे किती, शोरूमचे किती?

नव्या गाडीची जाहिरात होते ‘एक्स-शोरूम’ किमतीने, पैसे मोजावे लागतात ‘ऑन-रोड’ किमतीने. मधला फरक म्हणजे सगळा सरकारी कर, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. कोटेशनमधील काही रकमा सक्तीच्या असतात, काही शोरूमने स्वतःच्या कमाईसाठी जोडलेल्या. घासाघीस करायची ती या दुसऱ्या रकमांवर.

सक्तीचे काय?

रस्ता कर, नोंदणी शुल्क आणि थर्ड पार्टी विमा टाळता येत नाही. महाराष्ट्रात वैयक्तिक वापराच्या १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रस्ता कर आहे. खासगी मोटारीचे मूळ नोंदणी शुल्क ६०० रुपये, तर कर्जाचा बोजा चढवण्याचे १,५०० रुपये. १० लाखांवरील गाडीवर १ टक्का टीसीएस लागतो, पण तो प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. ‘आरटीओ’ या एकाच नावाखाली मोठी रक्कम दाखवली असेल तर तिची फोड मागावी आणि नंतर सरकारी पावतीशी ताडून पाहावी.

हँडलिंग चार्जेस कशाचे?

गाडी यार्डातून शोरूममध्ये आणणे, धुणे, तपासणे यासाठी ही रक्कम मागितली जाते. पण ती कोणताही सरकारी कर नाही, आणि विक्रीयोग्य गाडी ग्राहकापुढे ठेवणे हे तर विक्रेत्याचेच काम. त्यासाठी त्याला कमिशन मिळते. त्यामुळे ही रक्कम काढून टाकायला सांगण्यात संकोच नको.

विमा शोरूमचाच घ्यावा लागतो का?

नाही. विमा नियामक ‘इर्डाई’च्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार विक्रेता अशी सक्ती करू शकत नाही. नव्या मोटारीला थर्ड पार्टी विमा ३ वर्षांचा हवा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र एक वर्षाचाही चालतो. ‘बाहेरचा विमा घेतला तर कॅशलेस मिळणार नाही’ या इशाऱ्याला घाबरू नये. कॅशलेस सुविधा विमा कंपनीच्या गॅरेजच्या यादीवर ठरते, पॉलिसी कोणी विकली यावर नाही. मात्र सवलत शोरूमच्या विम्याशी जोडलेली असेल तर दोन्हींचा एकत्र हिशेब करूनच ठरवावे.

ॲक्सेसरीज आणि कोटिंग?

मॅट, सीट कव्हर, टेफ्लॉन कोटिंग यांतले काहीही सक्तीचे नाही. हवे ते बाजारभाव पाहून नंतरही घेता येते. हा खर्च कर्जात गेला तर तो आणखी महागतो : ५० हजारांच्या जादा वस्तू ९ टक्के व्याजाने ७ वर्षांच्या हप्त्यांत घेतल्या, तर सुमारे साडेसदुसष्ट हजारांना पडतात.

बोलणी कधी करावीत?

बुकिंगची रक्कम भरण्याआधी. एकदा पैसे अडकले की ग्राहकाची बाजू लंगडी पडते. दोन-तीन शोरूमची लेखी, प्रत्येक रक्कम वेगळी दाखवणारी कोटेशन घ्यावीत. नको त्या रकमांवर काट मारून नवे कोटेशन सही-शिक्क्यासह मागावे. महिनाअखेर किंवा वर्षअखेर विक्रीचे लक्ष्य गाठायची घाई असते, तेव्हा शोरूम अधिक नमते घेते.

ऐकलेच नाही तर?

एक वस्तू हवी असेल तर दुसरीही घ्या, अशी अट घालणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार प्रतिबंधात्मक व्यापार प्रथा ठरते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच. तेथे उपयोगी पडतो तो कागद. म्हणून तोंडी आश्वासनावर चावी घेऊ नये.