पक्ष्याला खूण, माणसाला जबाबदारी

आपला राष्ट्रीय पक्षी कोणता, असे शाळेत विचारले तर अजूनही बरीच मुले डोडोचे नाव घेतात. डोडो आपल्या राजचिन्हावर आहे, पण पृथ्वीतलावरून तो सतराव्या शतकातच नाहीसा झाला. मार्च २०२२ मध्ये प्रजासत्ताकाच्या तिसाव्या वर्धापनदिनी राष्ट्रीय पक्ष्याचा मान मिळाला तो मॉरिशस केस्ट्रेलला, म्हणजे आपल्या डोंगरातल्या छोट्या ससाण्याला. जुनी मंडळी क्रेओलमध्ये त्याला ‘मांझेर द पूल’ म्हणत, कोंबड्या खाणारा. हा आळ खोटा होता. त्याचे मुख्य भक्ष्य म्हणजे झाडावरचे हिरवे सरडे, किडे आणि लहान पाखरे. पण त्या नावापायी अनेक ससाणे मारले गेले. जंगल तुटले, हिवताप हटविण्यासाठी डी.डी.टी. फवारली गेली, आणि माकड, उंदीर व मुंगूस घरट्यांपर्यंत पोहोचले. १९७४ साली रानात माहीत असलेले ससाणे केवळ ४ उरले होते.

तेथून हा पक्षी परत आला, ही गोष्ट आपल्या बेटाला भूषणावह आहे. कार्ल जोन्स १९७९ मध्ये येथे आले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरट्यातील पहिली अंडी काढून उबवली, म्हणजे मादी पुन्हा अंडी घाली. पिल्ले हाताने वाढवून रानात सोडली. १९८४ ते १९९४ या दहा वर्षांत असे ३३१ ससाणे सोडण्यात आले. या कामात एक साधी वस्तू फार उपयोगी पडली. ती म्हणजे पायातील रंगीत कडे. पूर्वेकडील बांबू पर्वतात सोडलेल्या ससाण्यांची व त्यांच्या वंशाची नोंद या कड्यांवरून वर्षानुवर्षे ठेवली गेली. कोण कोणाचे पिल्लू, कोणाची जोडी कोणाशी जमली, आणि पावसाचे दिवस वाढले की विणीचा हंगाम कसा लांबतो, हे सर्व त्यावरूनच कळले. हाताखालच्या मुलांची नावेच माहीत नसतील, तर शिक्षक त्यांची प्रगती कशी सांगणार?

खूण करण्याची आणखी एक रीत आता जगभर रूढ झाली आहे. ती म्हणजे मायक्रोचिप. आपल्यापैकी ज्यांनी आपला कुत्रा युरोपात नेला असेल, त्यांना ती ठाऊक आहे. काचेची बारीक कुपी, सुमारे १२ मिलिमीटर लांब व २ मिलिमीटर जाड, तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी. लहान जनावरांसाठी ८ मिलिमीटरचीही मिळते. तिच्यात बॅटरी नसते. वाचक यंत्र जवळ नेले की त्याच्या लहरींवर ती जागी होते आणि आपला १५ अंकी क्रमांक सांगते. पक्षी कोठे उडाला हे ती सांगत नाही. तसे सांगणारी साधने वेगळी असतात. हा गैरसमज पुष्कळांच्या मनात आहे, म्हणून स्पष्ट लिहितो.

पाळीव ससाण्यांच्या बाबतीत या चिपेचा सर्वांत मोठा वापर संयुक्त अरब अमिरातीत दिसतो. तेथे ससाणा हा घराण्याचा अभिमान. अबू धाबी येथे १९९९ मध्ये ससाण्यांचे खास रुग्णालय उघडले, आणि २००२ पासून ससाण्यांना चक्क पासपोर्ट दिले जाऊ लागले. पासपोर्टावरील क्रमांक आणि पक्ष्याच्या अंगावरील क्रमांक जुळला तरच तो सीमा ओलांडतो. १९९५ मध्ये सुरू झालेल्या शेख झायेद यांच्या योजनेत दोन हजारांहून अधिक ससाणे वैद्यकीय तपासणीनंतर पुन्हा रानात सोडले गेले. तेही चिप व कडे घालूनच.

परंतु आमचे म्हणणे असे की, कुत्र्याची रीत पक्ष्याला लावणे ही मोठी चूक आहे. कुत्र्याच्या खांद्यामागे सैल कातडे असते, त्याखाली चिप सरकवली की काम झाले. पक्ष्याचे कातडे कागदासारखे पातळ. तेथे चिप टिकत नाही, बाहेर येते. म्हणून ससाण्याला ती छातीच्या डाव्या स्नायूत बसवतात. डावीकडेच का? तर जगात कोठेही पशुवैद्याने तो पक्षी हातात घेतला, तर चिप कोठे शोधावी हे त्याला न सांगता कळावे म्हणून. हा संकेत मोडला तर दुसऱ्या वैद्याला वाटेल की पक्ष्याला चिपच नाही, आणि तो बिचाऱ्याला दुसरी टोचील.

हाच स्नायू पंख खाली मारतो. ससाण्याचे सारे सामर्थ्य त्यात. त्यातून रक्तही भरपूर वाहते. तेव्हा येथे जाड सुई घालणे हे जाणत्या हाताचेच काम. जाणता वैद्य कसे करतो, ते आम्ही थोडक्यात सांगतो. पक्षी आधी तपासावा. छातीचे मधले हाड टोकदार लागत असेल, म्हणजे पक्षी रोडावलेला असेल, तर थांबावे. पोट व गळ्याची पिशवी रिकामी असावी, नाहीतर भूल देताना अन्न श्वासनळीत जाते. आधीची चिप आहे काय ते यंत्राने पाहावे. नवी चिपही पाकिटात असतानाच वाचून घ्यावी.

मग धरणे. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचे हाड पुढे-मागे हलते, तेव्हाच त्याला श्वास मिळतो. म्हणून धडपडतो म्हणून छाती आवळली तर पक्षी हातातच गुदमरू शकतो. त्याला मऊ कापडात गुंडाळावे, पाय घट्ट धरावेत, डोळ्यांवर टोपी घालावी. नख्या सांभाळाव्यात, छाती मोकळी ठेवावी. अनेक वैद्य थोडा वेळ आयसोफ्लुरेन वायूची भूल देतात. त्यामुळे धडपड टळते आणि सुई हलत नाही. पिसे उपटू नयेत, बाजूला सारावीत. स्पिरिट थोडेच लावावे, कारण ओला पक्षी लवकर गारठतो. सुई स्नायूच्या जाड भागात, हाडापासून दूर घालावी. ती काढल्यावर बोटाने एक-दोन मिनिटे दाबून धरावे, आणि भोक वैद्यकीय गोंदाने किंवा एका टाक्याने बंद करावे. नाहीतर चिप आली त्याच वाटेने बाहेर पडते. शेवटी पुन्हा यंत्र लावून क्रमांक वाचावा, आणि पक्षी स्वतःच्या पायांवर नीट उभा राहीपर्यंत त्याच्यावर नजर ठेवावी.

काही वाचक म्हणतील, कडे असताना पक्ष्याला टोचायचे कशाला? प्रश्न रास्त आहे. अखंड कडे पिल्लू काही दिवसांचे असतानाच पायात सरकते, पुढे पाऊल मोठे झाले की जात नाही. म्हणून अंगाबरोबर बसणारे अखंड कडे हा पक्षी माणसाच्या हाती जन्मल्याचा पुरावा ठरतो. रानातून चोरलेल्या मोठ्या पक्ष्याला तसे कडे घालता येत नाही. चिप मात्र कोणत्याही वयात बसते, म्हणून ती जन्माची साक्ष देत नाही. उलट कडे कापता येते, पाय सुजला तर ते रुततेही. चिप चोराच्या डोळ्यांना दिसत नाही. कडे जन्म सांगते, चिप ओळख सांगते. मोलाच्या पाळीव पक्ष्याला दोन्ही असणे बरे.

आपल्या रानातल्या केस्ट्रेलची गोष्ट निराळी. त्याचे वजन अडीचशे ग्रॅमच्या आतच. एवढ्या लहान छातीत सुई घालण्यापेक्षा दुर्बिणीतून दूरवरून वाचता येणारे रंगीत कडे त्याला अधिक मानवते. चिप वाचायला पक्षी हातात धरावा लागतो. कड्याला त्याची गरज नाही. नवे साधन आले म्हणून जुने टाकायचे नसते. कोणत्या पक्ष्याला कोणते साधन, हे ठरविण्यातच शहाणपण आहे.

आणि कोणतीही खूण केली तरी ती नोंदवहीशिवाय व्यर्थ. आम्ही शिक्षक हे चांगले जाणतो. हजेरीपटात नाव नसलेल्या मुलाला क्रमांक देऊन काय उपयोग? चिपेतला अंक नुसता अंक असतो. तो कोणत्या पक्ष्याचा, कोणी कधी बसवला, मालक बदलला तर कोणाकडे गेला, हे वहीत लिहिलेले असेल तरच तो काही बोलतो. चोरीचा पक्षी परत मिळाला आणि नोंद सापडली नाही, तर पक्ष्याने सोसलेली सुई फुकटच गेली.

वाचकहो, २०१४ साली मॉरिशस केस्ट्रेल पुन्हा संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत गेला. १९९४ मध्ये त्याची स्थिती सुधारल्याचे जाहीर झाले होते, आणि वीस वर्षांत तो परत घसरला. कास्कावेलपासून ब्लॅक रिव्हरच्या घळीपर्यंत आपल्या मराठी कुटुंबांची वस्ती जुनी आहे. त्या डोंगरांच्या पायथ्याशी आपले आजे-पणजे उसाच्या शेतात राबले. तेव्हा हा पक्षी केवळ सरकारचा वा परदेशी शास्त्रज्ञांचा नाही.

म्हणून आमची तीन मागणी आहेत. जखमी ससाणा सापडला तर त्याला घरी ठेवून कोंबडीचे दाणे घालू नका. हवेची भोके असलेल्या अंधाऱ्या खोक्यात ठेवून तो राष्ट्रीय उद्यान व संवर्धन सेवेच्या हवाली करा, आणि पायातील कड्यांचे रंग व कोणता पाय हे लिहून ठेवा. शाळांनी डोडोइतकेच केस्ट्रेलही शिकवावे. आणि ज्यांच्या घरी पशुवैद्य होऊ पाहणारा मुलगा किंवा मुलगी असेल, त्यांनी कुत्र्या-गाईंबरोबर पक्ष्यांचे वैद्यकही शिकण्यास तिला उत्तेजन द्यावे. वकील आणि डॉक्टर आपल्यात पुष्कळ झाले. दोनशे ग्रॅमचा जीव हातात धरून त्याची छाती मोकळी ठेवील, असा हातही आपल्या समाजातून यावा, अशी आमची इच्छा आहे.